फितलेला सापडतो, फितवणारा?



रोज तोंडात असलेला एखादा शब्द घ्यायचा आणि तो कुठून आला, कुणावर पडतो हे पाहायचे, अशी या सदराची रीत आहे. आजचा शब्द जरा कडू आहे. विश्वासघात.

हा शब्द कानावर पडला नाही असा आठवडा आपल्या वस्तीत जात नाही. बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंनी हिशोब उशिरा दाखवला, की विश्वासघात. वाटणीत थोरल्या भावाने दोन हात जागा जास्त धरली, की विश्वासघात. कार्यकर्ता दुसऱ्या गटाच्या जीपमध्ये बसलेला दिसला, की थेट गद्दार. आणि दुकानदाराला उधार मागितली तर तो हसत सांगणार, विश्वास तर पानिपतात मेला! पेशव्यांचा विश्वासराव १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर पडला, त्याच्यावरून मराठी माणसाने ही कोटी केली. अडीचशे वर्षे होऊन गेली तरी ती शिळी झालेली नाही.

शब्दाची फोड सोपी आहे. विश्वास आणि घात. विश्वास या शब्दात श्वास आहे. ज्याच्याजवळ बसून मोकळेपणी श्वास घेता येतो त्याच्यावर आपला विश्वास. पालीत यालाच विस्सास म्हणतात, आणि धम्मपदाच्या सुखवग्गात विश्वासू माणसाला सर्वांत मोठा आप्त मानले आहे. रक्ताच्या नात्याचा तिथे उल्लेखही नाही. घात म्हणजे मारणे. ज्याच्याजवळ श्वास मोकळा सोडला त्यानेच तो रोखला, असा या जोडशब्दाचा अर्थ. म्हणून विश्वासघात वैरी करू शकत नाही. वैऱ्यावर विश्वास ठेवतो कोण? तो हल्ला करील, लुटील, पण घात करायला माणूस जवळचाच लागतो. अस्तनीतला निखारा, केसाने गळा कापणे, घरभेदी, हे सगळे शब्दप्रयोग जवळच्याच माणसाचे आहेत.

आपल्या शेतकऱ्याच्या तोंडात मात्र आणखी एक घात आहे. पाऊस पडून गेला, जमीन न चिखल न कोरडी अशी झाली, की म्हातारा म्हणतो, घात आली, आता पेरणी काढा. ही घात स्त्रीलिंगी आणि ती पेरणीची वेळ. तो घात पुल्लिंगी आणि तो मारणारा. शहरात शिकलेल्या पोराला बापाने पत्रात ‘औंदा घात साधली’ असे लिहिले तर पोरगा घाबरेल. असो.

विश्वासघाताला मराठीत इतके भाऊबंद आहेत की त्यांची वेगळी वस्ती होईल. दगा फारसीतून आला. बेइमानमधला ईमान अरबी, त्याच्यामागे बे लागला. गद्दारही अरबी. द्रोह आपला संस्कृतातला. नमकहराम या शब्दापाशी मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण तो आपल्या वाडवडिलांना पुष्कळदा ऐकावा लागला आहे.

नमक म्हणजे मीठ. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी इमान राखले नाही तो नमकहराम. वरून पाहिले तर गोष्ट न्यायाची वाटते. पण मीठ कुणी कुणाचे खाल्ले? दिवसभर राबला तो, वेठ केली ती त्याने, मेलेले ढोर ओढले त्याने, आणि शिळ्या भाकरीचा तुकडा मिळाला म्हणून मीठ मालकाचे! १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेनंतर गावोगावच्या आपल्या लोकांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडायला सुरुवात केली, तेव्हा बहिष्कार पडले. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल आणले, तेव्हा बलुत्याच्या आणि इनामी तुकड्याच्या बदल्यात चोवीस तास हजर राहण्याच्या गुलामीवरच त्यांनी बोट ठेवले. मालकाने मजुरी बुडवली तर त्याला नमकहराम म्हणण्याची सोय भाषेत नाही. हा शब्द वरून खाली पडतो, खालून वर जात नाही.

मला आज मुख्यतः हेच सांगायचे आहे. घात झाला की आपला पहिला दगड कुणावर पडतो ते पाहा. तो जवळच्या माणसावर पडतो, आणि जवळचा माणूस बहुधा गरीबच असतो. ज्याने त्याला विकत घेतले, धाक घातला, लालूच दाखवली, त्याच्या अंगणात दगड पोचतच नाही. गंमत अशी, की भाषेने यासाठी शब्द देऊन ठेवला आहे आणि आपणच तो टाकून दिला. तो शब्द म्हणजे फितवणे.

फितूर शब्दही अरबीतून आलेला. हिंदीत फितूर म्हणजे डोक्यात शिरलेले खूळ. मराठीने त्याला वेगळेच कामाला लावले. फितणे म्हणजे आपला पक्ष सोडून शत्रूला मिळणे, आणि फितवणे म्हणजे तसे करायला लावणे. जो उभयतांचा गुप्त व्यवहार तो फितवा. जुन्या बखरींतून फितवा शब्द भेटतो. म्हणजे फितुरीला दोन माणसे लागतात हे जुन्या मराठीला पक्के ठाऊक होते. एक फितला, एकाने फितवले. आज पहिल्याचे नाव उरले आणि दुसरा व्याकरणाच्या पुस्तकात जाऊन बसला.

आपल्याच भागातला इतिहास घ्या. चंद्रपूरच्या कारागृहातल्या पिंपळाखाली दरवर्षी २१ ऑक्टोबरला आदिवासी बांधव जमतात. १८५८ साली याच तारखेला इंग्रजांनी वीर बाबुराव शेडमाके यांना चांदा येथे फासावर दिले. मोलमपल्लीचे हे गोंड जमीनदार तेव्हा पंचविशीतले होते. नागपूरचे राज्य खालसा होऊन चार वर्षे झाली होती, चांद्याला कॅप्टन क्रिक्टन हा डेप्युटी कमिशनर होता. बाबुरावांनी गोंड, रोहिले जमवून त्याच्याशी लढाया दिल्या. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिल १८५८ च्या अखेरीस प्राणहितेकाठी चिंचगुंडीजवळ तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात दोन इंग्रज मारले गेले. समोरासमोर इंग्रजांना बाबुराव सापडेनात. जंगल त्यांच्या ओळखीचे होते आणि जंगलातली माणसेही. मग क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांना हाताशी धरले. सप्टेंबरमध्ये त्यांच्यामार्फत बाबुराव पकडले गेले, आणि महिनाभरात खटला, फाशी, सगळे उरकले. व्यंकटराव बस्तरच्या मुलखात गेले, तेही १८६० मध्ये पकडले गेले आणि जन्मठेपेवर काळ्या पाण्याला गेले. त्यांच्या जप्त केलेल्या जमीनदारीतली गावे बक्षीस म्हणून अहेरीला मिळाली.

ही कथा आपल्याकडे सांगितली जाते तेव्हा लक्ष्मीबाईंचे नाव हमखास येते. यावेच. आपल्या माणसाला धरून दिले आणि त्याचे गावांत मोल घेतले, याला दुसरा शब्द नाही. २००९ साली बाबुरावांचे टपाल तिकीट निघाले, त्यांचे नाव देशभर गेले, ही चांगली गोष्ट झाली. पण कुणाही पोराला विचारा, त्या बाईला फितवले कुणी? पोरगे गप्प. क्रिक्टन हा त्याच्या लेखी नुसता अधिकारी. त्याने कर्तव्य केले म्हणे! राज्य जिंकून चार वर्षे होत नाहीत तोच एका जमीनदाराची गावे काढून दुसऱ्याच्या पदरात टाकायची, म्हणजे दोघांची घराणी पिढ्यान्पिढ्या एकमेकांकडे पाहणार नाहीत, ही इंग्रजांची चाल होती. ती चाल गोष्टीतून गळाली आणि शिल्लक राहिली ती एक बाई. बाईचे नाव आले की दोष देणे सोपेही जाते, हेही खरे.

आता म्हणाल, दीडशे वर्षांपूर्वीचे ते गेले. मग आजच्या कोर्टात चला.

जातीय अत्याचाराचा खटला उभा राहतो. साक्षीदार पिंजऱ्यात येतो आणि पोलिसांना सांगितले त्याच्या उलट बोलतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठळक मथळा येतो, साक्षीदार फितूर. वाचून आपले रक्त उसळते. आपलाच माणूस, आपल्याच वस्तीतला, पैसे खाऊन फितला! काही जण खातातही, त्यांची बाजू मी घेत नाही. पण बातमीत साक्षीदार फितूर ‘झाला’ असे छापतात, जसा काही ताप आला. त्याला फितूर ‘केला’ कुणी, हा प्रश्न त्या वाक्यात मावतच नाही. साक्षीदाराची बायको ज्याच्या बांधीत रोवणीला जाते तोच आरोपी. ज्या किराणा दुकानात वही चालते ते आरोपीच्या मेव्हण्याचे. तारखेला जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते, बसचे भाडे वेगळे, आणि तारखा पडतात त्या वर्षानुवर्षे. अशा माणसाला फितवायला पैशाची थैली लागत नाही. उद्यापासून कामाला येऊ नको, एवढे पुरते.

म्हणूनच अॅट्रॉसिटी कायद्यात, म्हणजे १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, २०१५ साली दुरुस्ती होऊन पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. ते २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यातले कलम १५-अ प्रत्येक विहारात वाचून दाखवावे असे आहे. पीडिताला, त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना आणि साक्षीदाराला संरक्षण मिळाले पाहिजे. तपासाच्या आणि खटल्याच्या काळातला प्रवासखर्च आणि निर्वाहखर्च मिळाला पाहिजे. गरज पडल्यास दुसरीकडे राहण्याची सोय झाली पाहिजे. धमकी आली तर तक्रार नोंदवून घेतली पाहिजे. ही भीक नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे. साक्षीदाराला शिव्या देणाऱ्या आपल्या मंडळींपैकी किती जणांनी खटला सुरू असताना त्याच्या घरी तांदूळ नेऊन दिले, हे ज्याचे त्याने आठवावे.

राजकारणातले उदाहरण द्यायला नको म्हणतो, पण मोह आवरत नाही. २०२२ साली राज्यात सत्तांतर झाले तेव्हापासून गद्दार हा शब्द महाराष्ट्राच्या पोरापोरांच्या तोंडी गेला, सोबत खोक्यांची घोषणाही गेली. आरोप खरा की खोटा याचा निवाडा या सदराचा नाही. फक्त शब्दांकडे पाहा. ज्याने खोके घेतले असे म्हणतात त्याच्यावर घोषणा झाली. खोके भरून दिले असे ज्याच्याबद्दल म्हणतात त्याच्या नावाचा शब्द त्या घोषणेत नव्हता.

तेंदूपत्त्याचेही तसेच. गडचिरोली-चंद्रपुरात उन्हाळ्यात अख्खे घर पहाटे जंगलात जाते, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधते आणि संध्याकाळी फळीवर नेऊन देते. पुड्यात दहा पाने कमी निघाली तर मुन्शी सगळ्यांसमोर बेइमान म्हणून मोकळा होतो. दहा पानांची बेइमानी! वनहक्क कायदा आणि पेसा आल्यापासून पुष्कळ ग्रामसभा पत्त्याचा लिलाव स्वतः करतात, करारनामा होतो, ठेकेदार माल उचलून नेतो. आणि त्याने पैसे अडकवले तर कागदावर काय लिहितात? थकबाकी. केवढा सभ्य शब्द! घोटाळा अधिकाऱ्याच्या हातून झाला तर अनियमितता. संस्थेच्या संचालकाच्या हातून झाला तर गैरव्यवहार. मोठ्या उद्योगपतीने बँकेचे पैसे बुडवले तर अनुत्पादक कर्ज. आपल्या आयाबायांनी बचत गटाचे पाचशे रुपये थकवले तर मात्र विश्वासघात. शब्दांनाही जात असते, ती अशी.

याचा अर्थ आपल्या माणसाने केलेला घात घात नव्हे असा कुणी काढू नये. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकल्या-सवरलेल्यांनी आपल्याला दगा दिला अशी खंत बोलून दाखवली, हे आपण दरवर्षी ऐकतो. त्यानंतर सात महिन्यांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, ते आपल्या चंद्रपुरात दीक्षा द्यायला आले. आग्र्याची ती खंत नोकरदार मंडळी भाषणात टाळ्यांसाठी सांगतात, स्वतःला लावून घेत नाहीत. तिथे बाबासाहेबांनी जे मोजले ते आवाजातले प्रेम मोजले नाही. समाजाने या मुलांच्या हाती काय सोपवले आणि त्यांनी त्याचे काय केले, हे मोजले. घात ओळखण्याची खूण मला यातच दिसते. आधी काही सोपवलेले असले पाहिजे. सोपवलेच नसेल तर तो राग असेल, अपेक्षाभंग असेल, भांडण असेल. पोराने आपल्या पसंतीची मुलगी केली नाही हा अपेक्षाभंग झाला, विश्वासघात नव्हे.

कायदाही हीच खूण धरून चालतो. जुन्या भारतीय दंड विधानात कलम ४०५ आणि ४०६ विश्वासघाताची, म्हणजे फौजदारी न्यासभंगाची, आणि ४२० फसवणुकीचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात न्यासभंग कलम ३१६ मध्ये आणि फसवणूक ३१८ मध्ये आहे. फरक साधा आहे. सुरुवातीपासूनच बुडवायचे ठरवून तुमच्याकडून पैसे काढले तर ती फसवणूक. तुम्ही विश्वासाने वस्तू ठेवायला दिली आणि नंतर त्याची नियत फिरली तर तो न्यासभंग. गटाच्या पैशातून अध्यक्षाने स्वतःचे घर छावले, हा न्यासभंग. दामदुपटीची योजना काढून कंपनी रातोरात पळाली, ही फसवणूक.

या दामदुपटीत एजंट कोण असतो? आपल्याच मोहल्ल्यातला बारावी झालेला पोरगा. त्याने आधी स्वतःच्या आईचे पैसे भरलेले असतात. कंपनी गेली की लोक त्याच्या दारात. तो गाव सोडतो, काही वेळा जीवही देतो. त्याने लोकांना खोटे सांगितले असेल तर त्याचा जाब त्याला द्यावाच लागेल. पण ज्यांच्या खात्यात पैसा गेला त्यांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना देण्यासाठी महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा कायदा आहे. पावत्या, पासबुक, जाहिरातीचे कागद घेऊन सगळ्यांनी मिळून पोलिसात जावे. पोराच्या घरावर धोंडे मारून रुपया परत आलेला नाही.

आता घरातली गोष्ट, कारण या पानाच्या वाचक बहुतेक भगिनी आहेत.

आपल्यात हुंडा नाही म्हणतात, तरी मुलीच्या लग्नात बाप भांडी देतो, कपाट देतो, आई आपल्या गळ्यातले तिच्या गळ्यात घालते. मुलगी नांदायला गेली की सासू म्हणते, दागिने इकडे ठेव, तू लहान आहेस. पुढे बिनसले, मुलगी माहेरी आली, की ते दागिने विसरायचे असतात असा आपल्याकडे रिवाज पडला आहे. तो रिवाज कायद्याला मान्य नाही. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की स्त्रीधन तिचे आहे, सासरी ते ठेवायला दिले म्हणून नवऱ्याचे होत नाही, आणि मागूनही परत दिले नाही तर तो फौजदारी विश्वासघात ठरतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही न्यायदंडाधिकारी स्त्रीधन परत देण्याचा हुकूम करू शकतो. न्यासभंगाला पूर्वी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती, नव्या संहितेत पाच वर्षांपर्यंत आहे.

तरी बैठक बसली की विश्वासघातकी कोण ठरते? घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली म्हणून मुलगीच. पंच विचारतात, घराण्याची अब्रू तुझ्या हाती दिली होती ना? त्या पंचांना एक प्रश्न उलट विचारावा. त्या मुलीच्या हाती अब्रू दिली म्हणता, तिने तुमच्या हाती दिलेली दोन तोळ्यांची पोत कुठे आहे? लग्नातल्या वस्तूंची यादी करून दोन्हीकडच्या सह्या घ्या आणि एक प्रत मुलीच्या आईने आपल्या पेटीत ठेवा. पाहुणे म्हणतील, विश्वास नाही का आमच्यावर? सांगायचे, विश्वास आहे म्हणून तर देतो, यादी आठवणीसाठी आहे.

सिगालोवाद सुत्तात मित्राच्या रूपाने येणाऱ्या चार अमित्रांची ओळख दिली आहे. नुसते घेणारा, नुसते बोलणारा, तोंडावर स्तुती करणारा आणि नाशाच्या वाटेवर सोबत करणारा. ही ओळख घात होण्याआधीची आहे. घात झाल्यावर काय नाव ठेवावे याची चर्चा तिथे नाही.

गटाची वही, लग्नाची यादी, फळीवरचे तेंदू कार्ड आणि खटल्याच्या तारखांचे चिठोरे, हे चार कागद घरात एका पिशवीत ठेवा. पुढच्या आठवड्यात ‘जामीन’ हा शब्द घेऊ. जामीन राहून हात पोळलेले पुष्कळ जण आपल्यात आहेत, त्यांनी आपले अनुभव नाव न घालता कळवले तरी चालेल.